रोख तिकडे, उधार इकडे

सोलापुरात आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी पत्र्याचे जुने गोदाम होते. ते पाडून तिथे सुपरमार्केट उभे राहते आहे. बांधकाम पूर्ण होत आले तशी लोकांची कुजबूज वाढली आणि गेल्या आठवड्यात ईशाच्या नमाजनंतर जमातखान्यात बैठक झाली. मीही गेलो होतो.

लोकांच्या काळज्या खऱ्या होत्या. रस्ता इतका अरुंद की समोरून टेम्पो आला तर दुचाकी मागे घ्यावी लागते. मालाचे ट्रक कुठे थांबणार? जुम्म्याच्या गर्दीत आणि मदरशाची मुले सुटण्याच्या वेळी काय होणार? दुकान रात्री कधी बंद होणार? 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्रभर दुकान उघडे ठेवायची मुभा दिली आहे, असे एका वकिलाने सांगितल्यावर शेजारच्या इमारतीतले लोक अधिकच अस्वस्थ झाले. कुणीतरी वाइनचा विषय काढला. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता आणि त्यावर राज्यभर वाद झाला होता, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशाराही दिला होता. त्या निर्णयातही प्रार्थनास्थळे आणि शाळांजवळची दुकाने वगळलेली होती, हे सांगितल्यावर लोक जरा शांत झाले.

मग निघाला आमच्या किराणा दुकानाचा विषय. 'चाचांचे दुकान बसणार,' असे पाच-सहा जण तावातावाने बोलले. चाचा स्वतः कोपऱ्यात बसून होते. एक शब्दही बोलले नाहीत.

घरी येऊन मी हे सगळे सांगितले तेव्हा शेजारच्या भाभी म्हणाल्या, "आम्हाला कुणी विचारलं का? तिथं किंमत छापलेली असते, तारीख बघता येते, बिल मिळतं. काय घेतलं, किती घेतलं, कुणी बघत नाही. पोरींना नोकऱ्या मिळाल्या तर अजून काय पाहिजे?" या बोलण्यात तथ्य आहे. किराणा दुकानाच्या फळीसमोर उभे राहून पुरुषांच्या घोळक्यातून माल मागणे बाईला सोपे नसते. बैठकीत एकही बाई नव्हती, म्हणून ही बाजू तिथे आलीच नाही. तेव्हा सुपरमार्केट येऊच नये, असे मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट तिथे मिळणार नाही. ती म्हणजे उधारी.

आमच्या मोहल्ल्यात विड्या वळणाऱ्या बाया आहेत, यंत्रमागावर काम करणारे आहेत, हातगाडीवाले आहेत. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी हातात पडेपर्यंत घरात डाळ-पीठ आणायचे कुठून? चाचांकडून. पावशेर तूरडाळ, चहापत्तीची छोटी पुडी, साबणाची एक वडी, सगळे वहीत मांडून. 2020 च्या टाळेबंदीत कित्येक चुली त्या वहीवर पेटल्या. त्यावर व्याज नव्हते. बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्याला चाचा ओळखीवर माल देतात. सुपरमार्केटचा संगणक ओळख मानत नाही.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाबद्दल नाही, उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. सूरह बकरामधली 282 वी आयत. देणे-घेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असे ती सांगते. त्याच्या थोडे आधी, 280 व्या आयतीत, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ केले तर ते अधिक चांगले, असे सांगितले आहे. चाचांनी यावर कधी वाज केला नाही. त्यांची ती तेलकट वही मात्र या दोन्ही आयतींवर चालते.

आता आपल्याला न आवडणारी गोष्ट. ही वही सुपरमार्केटमुळे एकट्याने बंद पडणार नाही. महिन्याची रक्कम हातात आल्यावर आपण शहरातल्या मोठ्या दुकानात जाऊन रोख गाडी भरून आणतो, आणि वीस तारखेनंतर पैसे आटले की चाचांकडे मुलाला पाठवतो, 'लिहून ठेवा' म्हणून. रोख तिकडे, उधार इकडे. यात बहुतेक पगारदारच असतात. विड्या वळणारी खाला मजुरी मिळाली की आधी चाचांच्या दुकानाची पायरी चढते. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे हदीसमध्ये आले आहे. सवड अडलेल्यासाठी आहे, सोयीसाठी नाही. पगारदाराने थकवलेल्या रकमेत त्या खालाची पुढच्या महिन्याची डाळ अडकलेली असते, कारण चाचांनाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर द्यावे लागतात.

बैठकीने महापालिकेला निवेदन द्यायचे ठरवले. ट्रक पहाटे यावेत, पार्किंग दुकानाच्या आवारातच असावे, कामावर मोहल्ल्यातली मुले-मुली घ्यावीत. निवेदन द्यायलाच हवे, मी सही केली आहे. पण महापालिका आपल्याला उधारीचे दुकान टिकवून देणार नाही. ज्यांच्या घरी पगार येतो त्यांनी या महिन्यात चाचांकडे जाऊन आपले पान बघावे, जुनी बाकी संपवावी, आणि महिन्याच्या सामानातले निम्मे तरी तिथून रोखीने घ्यावे. रमजानच्या आधी हे झाले तर फारच चांगले. त्या दिवसांत चाचांच्या वहीत सर्वांत जास्त पाने भरतात.