व्हिजिटचे पैसे कोणी द्यायचे?

गेल्या महिन्यात आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधला गीझर बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, कॉइल जळालीय, जुना झालाय. व्हिजिटचे ३०० रुपये मी दिले. घरमालक काका म्हणाले, “बोलावलं तुम्ही, मग पैसे तुमचेच.” गीझर त्यांचा, १२ वर्षांचा! तरी गप्प बसलो. ११ महिन्यांचा करार संपत आलाय ना.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ म्हणतं, वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती मालकाकडे. पण आपलं लिव्ह-लायसन्स. तिथे करारात असेल तेच खरं.

माझ्या मते, वस्तू जुनी होऊन बिघडली तर व्हिजिटही मालकाची, आपल्या हातून बिघडली तर आपली. मुलाने बेसिनच्या पाइपात खडू अडकवले, तेव्हा प्लंबरचे पैसे मीच दिले.

मंडळी, एवढी एक ओळ सही करण्याआधीच करारात लिहून घ्या. नंतर तोंड उघडायची हिंमत होत नाही.