गव्हाणीखालची हिरवळ

लायकोपोडियम हे नाव आमच्या पुष्कळ वाचकांनी होमिओपथीच्या बाटलीवर वाचले असेल. त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या नावामागे एक जिवंत वनस्पती आहे, हे मात्र कॅनडाच्या पूर्वभागातील एका धर्मग्रामात काही महिने सेवेस जाईपर्यंत आमच्या ध्यानीही आले नव्हते.

आगमनकाळ लागला होता, आणि त्या वर्षी हिम उशिरा पडले. गव्हाणीच्या देखाव्यास हिरवळ हवी म्हणून आम्ही आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मागील रानात पिटाळले. त्यांनी टोपल्या भरून आणल्या. चिमुकल्या देवदारांसारखी रोपे आणि दोन-दोन हात लांबीच्या लवदार वेली! गव्हाण सजली, आम्ही प्रसन्न झालो. ख्रिस्तमंदिराची देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर मात्र ते आम्हांस त्या रानात घेऊन गेले.

इंग्रजी भाषेत या वनस्पतींस क्लबमॉस म्हणतात, परंतु ते शेवाळ नव्हे. यांस खरी मुळे आहेत, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका आहेत. कुळ एक, पण प्रत्येकीचे बिऱ्हाड निराळे. मेपल व बर्च वृक्षांच्या सावलीत जी देवदारासारखी रोपे दिसतात ती सुटी नसतातच. जमिनीखाली धावणाऱ्या एकाच खोडाचे ते कोंब असतात. स्प्रूसच्या ओलसर अंधारात दुसरी जात पाचोळ्यावरून सरपटते व जागोजाग मुळे सोडते. चपट्या फांद्यांची तिसरी पाइनखालच्या कोरड्या, रेताड भूमीत सुखाने नांदते. एक तर मुळीच धावत नाही. ओल्या सावलीत झुबका करून बसते, कणसे धरीत नाही, आणि शेंड्याजवळच्या इवल्या कळ्या खाली टाकून संसार वाढविते. दलदलीच्या काठी राहणारीचा सारा देह हिवाळ्यात मरतो, केवळ वाढता शेंडा उरतो. आम्हांस तीच सर्वांत आवडली, का ते सांगता येत नाही.

वृद्धांनी सरपटणाऱ्या जातीचा एक उभा कोंब आमच्या हाती दिला. त्यावर अंतराअंतराने बारीक आवळल्यासारख्या खुणा होत्या. वर्षाची वाढ थांबते तेथे अशी एक खूण उमटते. आम्ही मोजल्या, सात भरल्या. तो उपटणाऱ्या मुलांहून तो फारसा लहान नव्हता.

कणसांतून पिवळी, हलकी पूड झडते, तेच बीजाणू. ती इतकी ज्वालाग्राही असते की फ्रान्समधील नीएप्स बंधूंनी १८०७ साली आपले इंजिन तिच्यावर चालविले. पेटावयास क्षण पुरे. उगवावयास मात्र वर्षे लागतात. मातीत गेलेल्या बीजाणूपासून प्रथम एक रंगहीन, गाठीसारखा देह होतो, आणि तो अंधारात बुरशीच्या आधारावर अनेक वर्षे काढतो. त्यानंतर कोठे पहिला हिरवा कोंब वर येतो. हीच हिरवळ नाताळच्या तोरणांसाठी उत्तर अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या ओढून काढली गेली. तिकडे युरोपात १९९२ च्या निसर्गसंरक्षण आदेशात या वंशाचा समावेश झाला, म्हणजे तिच्या तोडणीवर निर्बंध घालता यावेत.

आम्ही खजील होऊन विचारले, “आता परत लावता येईल काय?” ते म्हणाले, “फादर, ही सहसा पुन्हा जीव धरीत नाही.”

तरीही त्या सायंकाळी आम्ही मुलांना बरोबर घेतले, जेवढ्या वेलींस मुळे होती तेवढ्या उचलल्या आणि आणल्या जागी नेऊन पाचोळ्याखाली दाबल्या. गव्हाणीत पडलेल्या स्प्रूसच्या फांद्या आल्या. रात्री हिम पडू लागले, आणि वसंतापूर्वीच आम्ही मायदेशी परतलो.