पायाखालची फरशी

नवे घर बघायला गेलेला माणूस आधी वर बघतो. आढे किती उंच, वासे कशाचे, पंख्याला आकडा आहे की नाही. मग भिंती, मग खिडक्या. जमिनीकडे लक्ष जाते ते चप्पल काढताना, आणि तेही चप्पल काढायची की नाही एवढे ठरवण्यापुरतेच. वास्तविक छपराला आपण जन्मात हात लावत नाही. आठ प्रहर गाठ असते ती जमिनीशी. ही साधी गोष्ट मला वयाच्या अठ्ठावनाव्या वर्षी कळली, आणि तीही आईच्या खुब्याचे हाड मोडल्यावर.

आमचे घर राजापूरच्या पलीकडे, खाडीपासून कोसभर आत. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, आणि २०२१ सालापर्यंत खाली शेणाने सारवलेली जमीन. त्या वर्षी मी निवृत्त झालो, हातात चार पैसे आले आणि आईसाठी काहीतरी करावे असे मनात आले. आता आईसाठी म्हणजे काय, तर पुण्याहून येणाऱ्या माझ्या मित्रांना दाखवण्यासाठी, हे त्या वेळी मी स्वतःलाही सांगितले नसते.

फरशीच्या दुकानात दिव्यांचा लखलखाट होता. विक्रेत्याने एक पांढरीशुभ्र, आरशासारखी फरशी पुढे केली, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि म्हणाला, “बघा साहेब, थेंबभर पाणी पीत नाही.” थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा राहिला. मी खूश झालो. अळवाच्या पानावरून कोणी चालत नाही, हे मात्र मला सुचले नाही. आईला नमुना दाखवला. तिने त्याच्यावरून हात फिरवला आणि विचारले, “तुला आवडली ना? मग झालं.”

ओटी आणि माजघर नवे झाले. गावातली माणसे उंबऱ्यात थबकून आत बघत आणि पाय पुसत. मला त्याचाच केवढा अभिमान!

पुढच्या वर्षीची, २०२२ च्या जूनमधली गोष्ट. चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी पाऊस ओसरला, कोमट दमट वारा सुटला, आणि घर जरा सुकावे म्हणून आईने सगळ्या खिडक्या उघडल्या. तासाभराने ती देवाला फुले घेऊन माजघरातून निघाली आणि पडली. जमिनीवर कोणी पाणी सांडले नव्हते. जमिनीला घाम आला होता.

नंतर इस्पितळाच्या बाकावर बसून मी त्या घामाचा हिशेब मांडला. हवा ३० अंशांची आणि तिच्यातली आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. झडीने भुई गार झालेली, तिला चिकटलेली फरशी तशीच गार, आणि उघड्या खिडक्यांतून आत आलेली हवा बाष्पाने जड. सारवलेली जमीन तेवढे दव पिऊन टाकते. माझी फरशी थेंबभर पीत नव्हती. दुकानदाराने काही खोटे सांगितले नव्हते. मीच गुण समजून अवगुण विकत घेतला होता.

आई तीन महिन्यांनी काठीच्या आधाराने चालू लागली. मग मी अपराधी माणसासारखा दुसऱ्या टोकाला गेलो. ही चमचमती फरशी उखडू, म्हणालो. पुन्हा आपली सारवलेली जमीन करू. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात उबदार, पायाला मऊ. सारवणाच्या त्या अर्धवर्तुळांवर मी पाचदहा मिनिटे बोललो असेन. आईने ऐकून घेतले.

“सारवणार कोण?” तिने विचारले.

मी गप्प.

“दिवाळी झाली की माती आणायची, भिजवायची, चोपण्याने चोपायची. हात भरून यायचे. मग दर चार दिवसांनी गुडघ्यांवर बसून सारवण. पावसात पोपडे सुटायचे, कोपऱ्यात बुरशी यायची. तुम्ही मुलं त्याच्यावर लोळत होतात, तेव्हा मऊ लागणारच. माझे गुडघे विचार.”

चाळीस वर्षे ज्या जमिनीच्या आठवणीने माझा गळा दाटून येई, तिच्याखाली हिचे गुडघे होते. ते मला कधी दिसले नव्हते.

तेव्हा पुन्हा निवड आली. भाचा म्हणाला, लाकडी तक्तपोशी करा, पायाला ऊब राहते. त्याचे खरे आहे. लाकूड पायातली ऊब दगडाइतकी ओढून घेत नाही. पण आमच्या हवेत लाकूड फुगते, आणि जे फुगत नाही ते वाळवी खाते. गवंड्याने तांबडा कोबा सुचवला. दिसायला देखणा, पण घोटून तुकतुकीत केला की ओला झाल्यावर तोही दगा देतो. मी नमुन्यांचे तुकडे आईपुढे मांडत होतो. शेवटी ती कंटाळून म्हणाली, “अरे, न्हाणीघरात आहे तीच घाल की.”

न्हाणीघरात वडिलांनी १९७४ साली शहाबादी फरशी घातली होती. राखाडी, खडबडीत, पॉलिश न केलेली. घरातली सर्वांत गरीब फरशी. तिच्यावर आईने जवळजवळ पन्नास वर्षे रोज पाणी ओतले, आणि एकदाही घसरली नाही. घरात जिथे सर्वांत जास्त पाणी, तिथे वडिलांनी पायाला विचारून फरशी घातली होती. मी ओटीवर डोळ्यांना विचारून घातली.

गवंडी जाणता होता. त्याने आधी जाड खडीचा कोरडा थर पसरला. बारीक मातीतून ओल वर चढते, खडीच्या मोठ्या फटींतून तिला चढता येत नाही, असे त्याने समजावले. पण एक इशाराही दिला. हा चुनखडीचा दगड, आंबटाला भितो. आमसुलाचे आगळ सांडले तर खाल्ल्यासारखा डाग पडेल आणि तो जायचा नाही. कोकणातल्या घरात आगळ सांडणार नाही असे होईल काय? मी आईकडे बघितले.

“पडू दे डाग,” ती म्हणाली. “मी पडले त्यापेक्षा बरं.”

आता माजघरात बघण्यासारखे काही नाही. पाहुणे थबकत नाहीत, सरळ आत येतात. चुलीकडच्या बाजूला दोन डाग पडलेही आहेत. यंदाच्या जूनमध्ये मी मुद्दाम गावी राहिलो होतो. झड ओसरली, वारा सुटला आणि फरशीचा राखाडी रंग बघता बघता गडद झाला. घाम आलाच होता. हवा काही आपला स्वभाव बदलत नाही. आई परडी घेऊन देवघराकडे निघाली. मी उठलो आणि दोन्ही हात पुढे धरून तिच्या मागोमाग चालू लागलो.

काठी एकदा थांबली.

“मागे मागे येऊ नकोस,” ती वळून न बघता म्हणाली, आणि पुढे गेली.