स्थानी, आदेश आणि एक टिंब

कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्ती आतां संगणकावर सिद्ध होऊं लागल्या आहेत. जुन्या प्रतींत जागा वांचविण्यासाठीं "मु. घोडेगांव, ता. आंबेगांव, जि. पुणे" असें छापलेलें असे. नव्या आवृत्तींत "तालुका" व "जिल्हा" हे शब्द पूर्ण असावेत, असें तरुण मंडळींस वाटतें, आणि तें रास्त आहे. शेंकडों पानें हातानें कोण सुधारणार? म्हणून संगणकास आज्ञा होते : जेथें "ता." दिसेल तेथें "तालुका" ठेव. आज्ञा साधी दिसते. परंतु तिच्या पोटांत एक पेंच आहे, व तो घरांतील वडील माणसांनींही समजून घ्यावा असें आम्हांस वाटतें.

संगणकावर मजकूर शोधण्याच्या दोन रीती आहेत. एकींत जसें लिहावें तसेंच शोधलें जातें. दुसरींत लिहिलेला मजकूर हा नमुना समजला जातो, आणि त्यांतील कांहीं चिन्हांस विशेष अर्थ असतो. नमुन्यांतील टिंब म्हणजे पूर्णविराम नव्हे. "येथें कोणतेंही एक चिन्ह चालेल" असा त्याचा अर्थ. शिवाय काना, मात्रा, वेलांटी हीं संगणकाच्या हिशेबीं स्वतंत्र चिन्हें, आणि शब्दांमधील मोकळी जागा हेंही एक चिन्हच! असा नमुना जुन्नरजवळील शिवनेरीच्या वर्णनावर फिरला, तर "राजमाता जिजाऊ" याचें "राजमातालुकाजिजाऊ" होतें. जेथें मूळचाच "तालुका" हा पूर्ण शब्द असेल, तेथें "तालुकाुका" उरतें.

येथवर हंसूं येईल. पण घरांतील स्त्रियांच्या नांवांकडे पाहावें. सीता, शांता, कविता, सुनीता : पुढें मोकळी जागा आली कीं प्रत्येकीच्या मागें तालुका लागला! पुरुषाचें नांव त्याच्या मुलानातवांच्या नांवांबरोबर पुन्हां पुन्हां येतें. एके ठिकाणीं बिघडलें तरी दुसरीकडे सांपडतें. सुनेचें, किंवा लहानपणींच गेलेल्या मुलीचें नांव पुष्कळदां एकदांच येतें. तें तेथें बिघडलें, तर पुढील पिढीनें तें कोठून शोधावें?

ज्यांनीं अष्टाध्यायी वाचली आहे त्यांस ही अडचण अनोळखी वाटणार नाहीं. ज्याच्या जागीं दुसरें यावयाचें तो स्थानी, व जो येतो तो आदेश. पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील ६८ वें सूत्र असें सांगतें कीं, सूत्रांतील शब्द आपल्या स्वरूपाचाच बोध करतो. मात्र ती शास्त्रांतील संज्ञा असेल तर नाहीं. म्हणून "अग्नि" शब्दास सांगितलेला प्रत्यय "वह्नि" शब्दास लागत नाहीं. उलट "नदी" ही संज्ञा आली म्हणजे आमच्या घोड, मीना, कुकडी समजावयाच्या नसून विशिष्ट ईकारान्त व ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्द समजावयाचे. नमुन्यांतील टिंब असेंच संज्ञारूप आहे. त्यास स्वरूपावर आणावयाचें तर त्याच्या आधीं उलटी तिरकी रेघ (\) द्यावी, अथवा शोधाची पहिली रीत वापरावी. जावा भाषेंत "रिप्लेस" ही पहिली रीत व "रिप्लेसऑल" ही दुसरी. नांवांवरून एक बदल आणि सर्व बदल असा भेद वाटतो, पण तसा तो नाहीं. दोन्ही सर्वत्र बदल करतात.

तेवढ्यानेंही भागत नाहीं. "थोरलीचें नांव शांता." येथें खराच पूर्णविराम आहे, आणि पुन्हां "शांतालुका" होणार. म्हणून "ता"च्या आधीं मोकळी जागा किंवा ओळीचा आरंभ असावा, हेंही नमुन्यांत सांगावें लागतें. पाणिनि हेंच विभक्तींनीं सांगतो : षष्ठीनें स्थानी, पंचमीनें त्याच्या मागचें, सप्तमीनें पुढचें.

आदेशाच्या मजकुरांतही सावध असावें. जावा भाषेच्या दुसऱ्या रीतींत डॉलरच्या चिन्हापुढें इंग्रजी अंक आला, तर "नमुन्यांतील त्या क्रमांकाचा सांपडलेला भाग येथें घाल" असा अर्थ होतो. परदेशीं असलेल्या आप्तांच्या देणग्यांची यादी जोडणारांनीं हें विसरूं नये.

जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्याचा कारभार घोडेगांवाहून चालतो, पण तालुक्याचें नांव आंबेगांवच राहिलें. ज्यांचें गांवच पाण्याखालीं गेलें, त्या घराण्यांस कागदावरील नांवाचें मोल निराळें सांगावयास नको. तेव्हां बदल करण्यापूर्वीं मूळ प्रतीची नक्कल वेगळी ठेवावी, बदलणाऱ्या सर्व जागांची यादी काढावी, आणि ती घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीस सावकाश वाचून दाखवावी. कोणती शांता कोणाची, हें संगणकास ठाऊक नसतें, तिला असतें.