तवंदी घाट उतरल्यावर

बेळगावहून कोल्हापूरकडे निघाले की संकेश्वरनंतर तवंदी घाट लागतो आणि घाट उतरला की निपाणी. पुणे-बंगळूर महामार्गावरचे हे तंबाखूचे गाव. महामार्गाला लागून टायर, स्प्रिंगपाटे, बॅटरी यांची दुकाने. पाट्या कन्नड आणि मराठी, बोलणेही तसेच.

गेल्या डिसेंबरात सकाळी इथल्या एका बॅटरीच्या दुकानापाशी मी चहा घेत होतो. भाजी भरून पुण्याला निघालेला एक ट्रक समोर बंद पडलेला. चावी फिरवली की नुसते कट-कट. "एरडू बॅटरी सत्त होग्यावरी!" हुक्केरीकडचा चालक-मालक हताश होऊन म्हणाला. जोडी घ्यायची म्हणजे त्या फेरीची सगळी कमाई जाणार होती.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबून तापवावी लागते, म्हणून स्टार्टरला ताकद फार लागते. त्यासाठी अशा ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात.

मिस्त्रींनी विकायची घाई केली नाही. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी काढून ती घट्ट केली. तरी गाडी उठेना. मग प्रत्येक बॅटरीला वेगळा मीटर लावला. एक १२.६ व्होल्ट, दुसरी १०.५. झाकणे उघडून हायड्रोमीटर घातला. दुसरीच्या पाच सेलमध्ये काटा १.२५०च्या आसपास, सहाव्यात जेमतेम १.१००. "एक सेल मेलाय. पाणी घालून किंवा चार्ज करून उपयोग नाही," ते म्हणाले.

"मग एकच बदला की, मामा!"

"बदलीन. पण जोडी चार वर्षांची आहे. जुनी-नवी एका ओळीत जोडली की चार्जिंग सारखे वाटले जात नाही. एकीला जास्त होते, दुसरी अर्धवट राहते. वर्षभरात नवीही जाईल."

चालकाने घरी फोन लावला. भावाच्या ट्रॅक्टरला १२ व्होल्टची एकच बॅटरी लागते. चांगली बॅटरी तिकडे जाणार असे ठरले आणि त्याच्या जिवात जीव आला. मेलेली बॅटरी दुकानात जमा झाली, तिचे पैसे बिलातून वजा झाले. वापरलेली बॅटरी अशी परत देण्याचा नियम २००१ पासूनच आहे, आता २०२२चे नियम लागू आहेत. तिच्यातले शिसे आणि आम्ल उकिरड्यावर टाकण्यासारखे नसतेच.

काढताना आधी अर्थिंगची वायर सुटली, बसवताना ती शेवटी लागली. म्हणजे पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही. खिळखिळ होऊ नये म्हणून पट्टी आवळली. गाडी एका झटक्यात उठली.

तरीही मिस्त्रींनी ट्रक सोडला नाही. इंजिन चालू ठेवून पुन्हा मीटर लावला. २८ व्होल्ट. "हे चोवीसवरच राहिले असते तर दोष आल्टरनेटरचा किंवा बेल्टचा. मग नवी जोडीही आठवड्यात रिकामी. आता होगरी!"

भाजी ऊन चढण्याआधी कोगनोळीच्या दिशेने निघाली. ज्यांच्या दारात ट्रक किंवा टेम्पो आहे त्यांनी एवढे करावे : नवी बॅटरी घेण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजून मागावी, आणि बसवल्यावर चालू इंजिनाचे व्होल्ट पाहिल्याशिवाय दुकानातून हलू नये.