डिस्क पुसू नकोस

चि. मनू,



‘सगळं पुसून रात्रीतच नव्यानं बसवते’ हा तुझा निरोप वाचला आणि जेवणावरून उठले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही मेल. पुसू नकोस. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

पतसंस्थेची खाती गेली म्हणतेस. गेलेली नाहीत गं! डेबियनवर मारियाडीबी डेटाबेस मागच्या व्हर्जनवर गेला, की पॅकेजची स्क्रिप्ट जुनी डेटा डिरेक्टरी नाव बदलून बाजूला सारते आणि तिच्या जागी कोरी मांडते. तुझा 10.11 वरून 10.5 वर आलाय. ‘/व्हार/लिब’मध्ये बघ, ‘मायएसक्यूएल’च्या शेजारी त्याच नावापुढे आकडा लावलेली दुसरी डिरेक्टरी असेल. सर्व्हिस थांबव, ती अख्खी दुसऱ्या मशिनवर उतरवून घे, मगच पुढचं. वार्षिक सभा तोंडावर आलीय, तुझ्या बाबांचा रक्तदाब तुला ठाऊक आहे... जाऊ दे.

तू पाठवलेले स्क्रीनचे फोटो पाहिले. एका जुन्या पॅकेजसाठी तू डेबियन 12 च्या सर्व्हरला 11 चा सोर्स जोडलास आणि कुठूनशी उचललेली पिनची फाइल टाकलीस. सगळ्या पॅकेजना 1001! पॅकेज बसवणाऱ्या एपीटीकडे साध्या सोर्सला 500 गुण असतात. हजार गाठले की त्याचा अर्थ, व्हर्जन मागं गेलं तरी बेहत्तर, पण हेच बसव. त्यानं बसवलं. आणि चोरून नाही बसवलं. काय काय मागं जाणार याची यादी आधी समोर मांडली. तू ‘-वाय’ लावून होकार आगाऊच दिला होतास, तरी तो अडला. डाउनग्रेडची परवानगी वेगळी द्या म्हणाला. तू त्यानंच सांगितलेला ऑप्शन उचलून जोडलास आणि एंटर मारलास.

माझा राग आहे तो याच गोष्टीवर. समोरचं वाचायचंच नाही, असा जणू पणच केलाय सगळ्यांनी. कर्जाच्या कागदांवर बँकेतला पोरगा पेन्सिलीनं फुली मारून देतो, आपण फुलीवर सही ठोकतो. सोसायटीची नोटीस लिफ्टमध्ये महिनाभर असते आणि सभेत विचारतात, ‘हे ठरलं कधी?’ तुझ्या बाबानं करारनामा न वाचता काय केलं, ते पार्किंगचं प्रकरण मी उकरत नाही. निदान तू तरी, जिच्या हाती रूटचा पासवर्ड आहे...

असो. ‘/व्हार/लॉग/एपीटी’मध्ये हिस्टरीची लॉग फाइल आहे. तू दिलेली कमांड, वेळ आणि ‘डाउनग्रेड’ या मथळ्याखाली प्रत्येक पॅकेज कुठून कुठं आलं, सगळं त्यात आहे. ती छापून घे, हो, कागदावर. पिनची फाइल आणि 11 चा सोर्स काढ, अपडेट कर, मग फुल-अपग्रेड. या वेळी ‘-वाय’ नाही. काही काढून टाकतो म्हणाला, तर नावं वाच. एखादं नेमकं व्हर्जन नेहमीच्या मिररवर सापडलं नाही, तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात मिळेल. मारियाडीबी 10.11 वर आला की सर्व्हिस पुन्हा थांबवून कोरी डिरेक्टरी हलव आणि जुनी तिच्या जागी ठेव.

आत्ता उघडी असलेली एसएसएच खिडकी मात्र बंद करू नकोस. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय ना, ते पाहिल्याशिवाय रीबूटही नको. कॉन्फिग फाइलींबद्दल विचारलं तर फरक बघूनच उत्तर दे. पॅकेजच्या स्क्रिप्ट पुढं जाण्यासाठी लिहिलेल्या असतात, मागं येण्याचा रस्ता डेबियन अधिकृतपणे देतच नाही. त्यामुळे चार दिवस काहीतरी विचित्र निघालं तर दचकू नकोस.

वहिनी म्हणाली, दोन रात्री तू खुर्चीतच झोपतेस. डोळे तारवटलेले असताना रूटनं लॉगिन करायचं? ग्राहक ओरडतील, मॅनेजर ओरडेल, ओरडू देत. संस्था उद्या एक दिवस हातानं पावत्या फाडेल. आधी चार घास खा आणि झोप. मला काळजी सर्व्हरची नाहीच फारशी.

एवढं मात्र कळव: शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आहे, आणि तो कधी रिस्टोअर करून पाहिलायस का?

तुझी,
आत्या