शहरासाठी रदबदली

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मोबाईलवर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या एका शहराचा व्हिडिओ दाखवला. पडक्या घराच्या पायरीवर एक लहान मुलगी बसली होती. डबा उघडता उघडता एक सहकारी म्हणाला, "त्यांनीच ओढवून घेतलंय." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. ते गप्प बसणं घरी आल्यावरही बोचत राहिलं, आणि रात्री मी उर शहराचा विलाप पुन्हा वाचायला घेतला.

उर हे सुमेरचं मोठं शहर. दक्षिण इराकमध्ये, आजच्या नासिरियाजवळ त्याचे अवशेष आहेत. इ.स.पू. 2000च्या सुमारास एलामच्या फौजांनी ते लुटलं, शेवटचा राजा इब्बी-सिन याला कैद करून नेलं. पुढे या विध्वंसावर सुमेरी भाषेत एक दीर्घ काव्य रचलं गेलं: अकरा भाग, चारशेहून अधिक ओळी. कवीचं नाव उरलं नाही. उरल्या त्या मातीच्या पाट्या. त्यांतल्या बऱ्याचशा निप्पूर शहरात सापडल्या; लेखनिक व्हायला निघालेल्या पोरांनी धडा म्हणून गिरवलेल्या. 1940 साली सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी असे तुकडे जुळवून हे काव्य प्रसिद्ध केलं.

यात शोक करते ती निनगल, उरच्या चंद्रदेवाची पत्नी. देवांच्या सभेत शहराचा नाश ठरला आहे. ती आन आणि एनलील या थोरल्या देवांपुढे रडते, माझं शहर वाचवा म्हणते. ते ऐकत नाहीत. सभा पुन्हा भरते तेव्हा ती पुन्हा जाते, पुन्हा तेच मागते. निर्णय बदलत नाही. मग वादळ येतं. वेशीत प्रेतांचे खच पडतात, आई लेकराला आणि बाप मुलाला टाकून पळतो.

अनेक देवांची ही सभा माझ्या श्रद्धेत बसत नाही. पण एका गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो. एवढ्या ओळींत उरच्या लोकांचा गुन्हा कुठेच सांगितलेला नाही. त्यांनीच ओढवून घेतलं, असं कवी म्हणत नाही. तो फक्त कोण कुठे पडलं ते सांगतो.

हेच उर हजरत इब्राहिम यांचं गाव, असं अनेकजण मानतात. कुराणात गावाचं नाव नाही. मात्र सूरह हूदमध्ये त्यांचा एक प्रसंग आहे. फरिश्ते पाहुणे बनून येतात, मुलगा होणार अशी खुशखबर देतात, आणि आपण लूतच्या कौमचा नाश करायला निघालो आहोत हेही सांगतात. स्वतःच्या घरात एवढा आनंद आलेला असताना इब्राहिम त्या परक्या वस्तीसाठी हुज्जत घालू लागतात. ती कौम गुन्हेगार होती, हे कुराण स्पष्ट सांगतं. तरीही ते रदबदली करतात. अल्लाह त्यांना सांगतो, आता हे सोड, हुकूम झालेला आहे. पण त्याआधी त्यांना सहनशील आणि कोमल मनाचा म्हणतो. लहानपणी नानीकडून हा किस्सा ऐकताना मला फक्त नाश आठवायचा. ही हुज्जत फार उशिरा दिसली.

दोन्हीकडे मागणं फुकट गेलं. शहरं वाचली नाहीत. मग मागायचं कशाला? निनगलला पहिल्याच सभेत उत्तर मिळालं होतं, तरी ती दुसऱ्यांदा गेली. मला तर साधं एक वाक्य बोलायचं होतं, तेही डब्याच्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी मी त्या सहकाऱ्याला विचारलं, "त्या पायरीवरच्या मुलीनं काय ओढवून घेतलं होतं रे?"

त्यानं उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला.